नागपूरजवळची तलावांची गावं: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

हिवाळा लागला की आमच्या घरचा फोन सुरू होतो. पुण्याची चुलत बहीण, ठाण्याचे साडू, खालच्या मजल्यावरचे नवीन बिऱ्हाड, सगळ्यांचा सवाल एकच: "रविवारी कुठं जायचं?" उत्तरं ठरलेली आहेत, म्हणून एकदाची लिहून काढली. मी गाइड नाही. वीस-बावीस वर्षं सुटीच्या दिवशी गाडी काढून पूर्वेकडे निघायची खोड आहे, एवढंच.

नागपूरच्या आसपास एवढे तलाव आले कुठून?

आले नाहीत, बांधले. नवख्या माणसाला हे पटत नाही. कमळं, बदकं, मागे टेकडी असं चित्र दिसलं की त्याला ते निसर्गाचं देणं वाटतं. पूर्व विदर्भातले हे तलाव माणसांनी मातीची पाळ घालून अडवलेले आहेत. गोंड राजांनी तलाव बांधणाऱ्याला जमीन देऊन प्रोत्साहन दिलं आणि कोहळी समाजातल्या जाणत्यांनी कुठल्या दोन टेकड्यांमध्ये पाळ घालायची ते नेमकं हेरलं. पुढे भोसल्यांच्या आणि इंग्रजांच्या काळात हे तलाव मालगुजारांच्या, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांच्या, ताब्यात राहिले. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, आणि 'माजी मालगुजारी तलाव' हे लांबलचक नाव कागदावर 'मामा तलाव' होऊन बसलं. नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली मिळून असे साडेसहा हजारांहून जास्त तलाव आहेत. बाहेरगावचा माणूस 'मामा तलाव' ऐकून कोणाचा मामा ते विचारतो. विचारू द्या.

पाळीवरून चालताना एक गोष्ट जरूर शोधा: तुडूम. तलावातलं पाणी धानाच्या बांध्यांना, म्हणजे खाचरांना, सोडायची ही जुनी सोय. कुहीकडच्या एका छोट्या तलावावर मी पहिल्यांदा जवळून पाहिलं. पाळीच्या आतल्या अंगाला दगडी बांधकाम पायऱ्यांसारखं पाण्यात उतरत गेलेलं, प्रत्येक पायरीला मुठीएवढं भोक आणि भोकात चिंध्या गुंडाळलेलं लाकडी बूच. पाणी खाली गेलं की वरचं भोक उघडं पडतं, मग त्याखालचं बूच काढायचं. म्हणजे कायम वरवरचं पाणी शेताला जातं आणि दाब बेताचा राहतो. तिथल्या आजोबांनी हात घालून बूच हलवून दाखवलं, भुळ्ळकन आवाज आला आणि पाळीच्या पलीकडे नहरात पाणी वाहायला लागलं. मग त्यांनी ते लगेच बंद केलं, कारण त्या दिवशी पाणी घ्यायची पाळी दुसऱ्याची होती. जास्तीचं पाणी निघून जायला एका टोकाला सलंग असतो. पावसाळ्यात तो वाहताना बघायला गावची पोट्टे जमतात.

एकच दिवस आहे. कुठं जावं?

रामटेक. दुसरं उत्तर शोधू नका. नागपूरपासून पन्नासेक किलोमीटर, रस्ता उत्तम, आणि एका तालुक्यात तलाव, गड, किल्ला, उत्खनन सगळं जवळजवळ आहे. आमचा क्रम असा: सकाळी सातच्या आत घर सोडायचं, वाटेत तर्री-पोहे, उन्हं चढायच्या आत मनसरचं उत्खनन, मग गड, दुपारी जेवण, ऊन उतरल्यावर अंबाळा तलाव आणि शेवटी खिंडसी जलाशय. नगरधनचा किल्ला येता-जाता कुठंतरी बसवता येतो. उलट क्रमानं गेलात तर भर दुपारी गडाच्या पायऱ्यांवर तुमचे तळपाय भाजतील, कारण देवळात चप्पल बाहेर ठेवावी लागते आणि दगड तापतो.

रामटेकला देवदर्शनाशिवाय काय आहे?

देवदर्शनासाठी जाणारे वर जाऊन, प्रसाद घेऊन, माकडांना शिव्या देत खाली येतात आणि दीड हजार वर्षांचा इतिहास शेजारून निघून जातो. म्हणून हे उत्तर जरा लांब होणार.

गडावरचं रामाचं मंदिर आज दिसतं ते बऱ्याच अंशी भोसल्यांच्या काळातलं. त्याच डोंगरावर त्याहून कितीतरी जुनी, वाकाटक राजांच्या काळातली, म्हणजे साधारण पाचव्या शतकातली देवळं आहेत. केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंह ही त्यातली दोन. लाल दगडाची, बुटकी, जाड खांबांची. आत नरसिंह एक गुडघा वर करून बसलेला, अंगानं भरलेला, चेहऱ्यावर उग्रपणा नावालाच. केवल नरसिंहाच्या देवळात प्रभावतीगुप्तेचा उल्लेख असलेला शिलालेख सापडला आहे. ही प्रभावतीगुप्ता म्हणजे गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी आणि वाकाटक रुद्रसेनाची राणी. नवरा लवकर गेला, मुलं लहान होती, म्हणून तिनं स्वतः राज्य चालवलं. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला तिचे ताम्रपट मिळाले, ते 'रामगिरीस्वामीच्या पायांपासून' दिलेले आहेत. रामगिरी म्हणजे हाच डोंगर.

गडावर जाताना वाटेत वराहाची एक भलीमोठी मूर्ती आहे, एकाच दगडातली. तिच्या पोटाखालून जो आरपार निघतो तो पापी नाही, अशी श्रद्धा आहे. आमचे ठाण्याचे साडू अडकले होते. पापामुळे की सावजी मटणामुळे, हा वाद घरात अजून मिटलेला नाही.

महानुभाव मंडळींसाठी रामटेक वेगळ्या कारणानं मोठं आहे. गुजरातेतून निघालेले हरिपाळदेव, म्हणजे आपले चक्रधर स्वामी, रामटेकच्या यात्रेचं निमित्त करून घरातून बाहेर पडले आणि वाटेत रिद्धपूरला त्यांना त्यांचे गुरू गोविंदप्रभू भेटले. गडावरचं भोगरामाचं देऊळ महानुभावांचं स्थान आहे. खाली गावात शांतिनाथाचं जैन मंदिर आहे, तेही वेळ काढून बघण्यासारखं.

पायथ्याला झाडीत कपूर बावडी आहे. तिथे बहुतेक लोक जात नाहीत, म्हणून आम्ही जातो.

कालिदासानं मेघदूत खरंच इथे लिहिलं का?

मेघदूतातला यक्ष रामगिरीवर राहतो, एवढं काव्यातच आहे. तो रामगिरी म्हणजे रामटेक, हे मत इतिहास-संशोधक महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी ताम्रपट आणि भूगोलाच्या आधारानं मांडलं आणि आपल्याकडे तेच मान्य आहे. इतर प्रांतांतले लोक आपापला डोंगर पुढे करतात. कविकुलगुरू कालिदास संस्कृत विद्यापीठ १९९७ साली रामटेकलाच सुरू झालं आणि गडाजवळ कालिदास स्मारकही आहे. माझा सल्ला एवढाच, आषाढाच्या सुरुवातीला एकदा वर जाऊन उभे राहा. नैर्ऋत्येकडून ढग येतो आणि आधी तुमच्या पायाखालची झाडी अंधारते, मग तुम्ही. त्यावर वाद घालावासा वाटत नाही.

अंबाळा आणि खिंडसी एकच का?

नाही. अंबाळा तलाव रामटेकच्या डोंगराला अगदी चिकटून आहे, तिन्ही बाजूंनी घाट आणि लहान-मोठी देवळं. तिथे अस्थिविसर्जन आणि पिंडदान चालतं. त्यामुळे तिथे पिकनिकच्या आवाजात जाऊ नका. बाजूला कोणाच्या तरी घरचे लोक मुंडण करून बसलेले असतात आणि आपण चिप्सचं पाकीट फोडतो, हे बरं दिसत नाही. कार्तिकातल्या त्रिपुरी पौर्णिमेला रामटेकला मोठी यात्रा भरते. गर्दी आवडत असेल तरच त्या दिवशी जा.

खिंडसी त्याच्या पलीकडे, खूप मोठा. सूर नदीवर १९१३ साली बांधलेला हा जलाशय. डोंगराच्या खिंडीत पाणी अडवलं आहे, नाव तिथूनच. पाण्यात मध्येच टेकड्यांची बेटं दिसतात. बोटिंग इथेच.

बोटिंगचं काय? सुरक्षित आहे का?

लाइफ जॅकेट घातल्याशिवाय बसू नका, आणि ते नुसतं खांद्यावर टाकू नका, पट्टे आवळा. मोठ्या पाण्यावर दुपारनंतर वारा सुटतो, लाटा येतात. वारा असेल तर बोटवाले स्वतःच नको म्हणतात, त्यांच्याशी हुज्जत घालू नये. दर विचारू नका, दर वर्षी बदलतात. तिकीट खिडकीवर लिहिलेले असतात.

मनसरला नुसते विटांचे ढिगारे आहेत म्हणतात. जावं का?

जावं. विटांचे ढिगारे आहेत हे खरं, पण ते ढिगारे म्हणजे प्रवरपूर असावं, वाकाटक राजा दुसऱ्या प्रवरसेनाची राजधानी. प्रभावतीगुप्तेचा हा मुलगा. त्यानं नंदिवर्धनाहून, म्हणजे आजच्या नगरधनहून, राजधानी इथे हलवली. नव्वदच्या दशकाच्या शेवटी इथे उत्खनन सुरू झालं आणि हिडिंबा टेकडीवर शिवमंदिराचं मोठं बांधकाम उघडं पडलं. भाजलेल्या विटांचे उंच थर, कोनाडे, पायऱ्या. खाली तलाव. सकाळच्या उन्हात विटांना जो रंग चढतो तो दुपारी राहत नाही. इथे मिळालेली वाकाटककालीन शिवाची सुंदर मूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. आपल्या गावची वस्तू बघायला दिल्लीला जायचं, चालायचंच.

सावली अजिबात नाही. पाण्याची बाटली आणि टोपी घ्या. विटांवर चढू नका, सुटतात. हायवेला लागूनच मँगनीजच्या खाणी आहेत, त्यामुळे ट्रकची वर्दळ असते. गाडी सांभाळून वळवा.

नगरधनचा किल्ला मुलांना आवडेल का?

आमच्या मुलांना रामटेकपेक्षा तोच जास्त आवडला. सपाटीवरचा चौकोनी भुईकोट आहे, तटावरून फिरता येतं, आणि आत जमिनीखाली पायऱ्या उतरून देवीचं ठाणं आहे. उन्हाळ्यात तिथे खाली गार लागतं. आज दिसणारं बांधकाम नंतरच्या काळातलं, पण गाव म्हणजे वाकाटकांचं नंदिवर्धन. अलीकडच्या दहा वर्षांतल्या उत्खननात इथे प्रभावतीगुप्तेच्या नावाची मातीची मुद्रा मिळाली. बोटाच्या पेराएवढी वस्तू, पण तिनं मोठा प्रश्न सोडवला.

अंभोऱ्याला फक्त पूलच आहे ना?

पुलामुळे गर्दी वाढली, अंभोरा त्याआधीही होतं. कुहीच्या पुढे, जिल्ह्याच्या टोकाला, वैनगंगेला इथे कन्हान, आम आणि आणखी दोन लहान नद्या मिळतात. लोक पंचनदी संगम म्हणतात. टेकडीवर चैतन्येश्वराचं देऊळ आणि हरिनाथांची समाधी. मुकुंदराजांनी शके १११० मध्ये, म्हणजे ११८८ साली 'विवेकसिंधु' इथे लिहिला अशी इकडची परंपरा आहे. आंबेजोगाईकरांचं म्हणणं वेगळं आहे. दोघांकडे समाधी आहे, दोघांकडे अभिमान आहे. मराठीतल्या आद्य ग्रंथांपैकी एक आपल्या जिल्ह्याच्या काठावर लिहिला गेला असेल, या कल्पनेनं मला तरी तिथे बसल्यावर बरं वाटतं.

वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाचं पाणी मागे इथवर पसरलं तसं इथलं चित्र बदललं. नदीचा तलाव झाला. जुनी गावं उठली, शेतं पाण्याखाली गेली. टेकडीवरून आज जे अथांग पाणी दिसतं आणि ज्याचे आपण फोटो काढतो, त्याखाली कोणाची तरी बांधी आहे. चहाच्या टपरीवर विचारलंत तर हात करून दाखवतात, "तिकडं आमचा वाडा होता."

पूल २०२३ साली सुरू झाला, तारांनी तोललेला. त्याच्या मनोऱ्यात उंचावर प्रेक्षक गॅलरी आहे. ती त्या दिवशी खुली आहे का, ते तिथेच विचारा. पुलावर मधोमध गाडी थांबवून सेल्फी काढू नका, मागून येणारा थांबेलच असं नाही.

पेंचला सफारी न करता काही बघता येतं का?

येतं, आणि खिशालाही परवडतं. पेंच १९७५ पासून राष्ट्रीय उद्यान आणि १९९९ पासून व्याघ्र प्रकल्प. वाघ दिसेलच याची हमी सफारीतही नाही. सिल्लारीकडे गेलात तर जंगलकाठच्या गावांतून फिरता येतं, कोलितमाऱ्याकडे पाण्याच्या बाजूनं जंगल दिसतं. खाली नवेगाव खैरीचं धरण आहे, नागपूरच्या नळाला जे पाणी येतं ते बरंचसं तिथूनच. मुलांना हे दाखवा. "आंघोळीचं पाणी इथून येतं" म्हटल्यावर आमच्या धाकट्यानं घरी आठवडाभर नळ नीट बंद केला, मग विसरला. त्याच पाण्याच्या काठी कुवारा भिवसेन हे गोंड समाजाचं देवस्थान आहे. चैत्रात यात्रा असते. तिथे आपण पाहुणे म्हणून जायचं, पूजेचे फोटो न विचारता काढायचे नाहीत.

आणि रात्र. जानेवारी २०२४ मध्ये पेंचला डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली, भारतातलं पहिलं. वाघोली, सिल्लारी, पिपरिया, खापा या गावांतले रस्त्यावरचे दिवे बदलून खाली तोंड करणारे बसवले, म्हणजे आकाशात उजेड सांडत नाही. अमावास्येच्या आसपास, हिवाळ्यात जा. आकाशगंगा म्हणजे काय ते पुस्तकातल्या चित्रापेक्षा वेगळं असतं. मोबाइलची टॉर्च सारखी लावत बसलात तर डोळे अंधाराला सरावत नाहीत, आणि शेजारचे लोक पुटपुटतात.

सफारी करायचीच असेल तर वनविभागाच्या संकेतस्थळावर आधी बुकिंग करा. पावसाळ्यात गाभा क्षेत्र बंद असतं.

पूर्वेला फार लांब पडतं. पश्चिमेकडे काही?

काटोल रोडवर शहर संपता संपता जुनापाणी. तिथे लोहयुगातली शिळावर्तुळं आहेत, तीनशेच्या आसपास. मोठमोठे काळे दगड गोलाकार मांडलेले, मध्ये पुरलेला माणूस. १८७९ च्या सुमारास रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्यानं इथे खणलं. काही दगडांवर वाटीसारखे खळगे कोरलेले आहेत, तिरप्या उन्हात नीट दिसतात. नागपूरकरांना अजिंठा माहीत असतो, हे माहीत नसतं. फलक बघून पुढे जाऊ नका, झुडपांत शिरून शोधावं लागतं. जवळच माहुरझरी, जिथे त्याच काळापासून दगडी मणी बनत होते.

हिंगण्याकडे झिलपी तलाव आहे, पोरापोरींची आवडती जागा. तलाव चांगला, रविवारची संध्याकाळ वाईट. आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी जा. सावनेर-कळमेश्वरकडे अदासाचा गणपती आणि धापेवाड्याचा विठोबा एका फेरीत होतात. धापेवाड्याला चंद्रभागा नावाची नदी वाहते, त्यामुळे विदर्भाचं पंढरपूर म्हणतात. गोरेवाडा आणि अंबाझरी शहरातच आहेत, त्यांना गाव म्हणता येणार नाही.

पक्षी कधी बघावेत?

डिसेंबर ते फेब्रुवारी, सकाळी नऊच्या आत. चक्रवाक, पट्टकदंब, लालसरी, तलवार बदक हे हिवाळी पाहुणे. अडई, नकटा, कमळपक्षी, जांभळी पाणकोंबडी हे बारमाही. मोठ्या जलाशयापेक्षा लहान मामा तलाव बरा, कारण पक्षी जवळ दिसतात आणि काठाला बेशरम, पाणकणीस असं काही असलं की लपायला आपल्यालाही आडोसा मिळतो. भडक कपडे नकोत. पाळीवरून एका रांगेत चाला, मुलांना पुढे ठेवा, नाहीतर मागून येऊन त्यांना काहीच दिसत नाही आणि मग ती दगड मारतात.

सारस मात्र नागपूरजवळ शोधू नका. तो गोंदियाकडचा.

नवेगावबांध एका दिवसात होईल का?

होईल, पण धावपळ होईल. गोंदिया जिल्ह्यात, सव्वाशेच्या वर किलोमीटर आहे, एक मुक्काम करा. हा तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला. वर कोहळी म्हणालो ना, तेच हे लोक. सात डोंगरांच्या मध्ये पाणी. एकदा ते बघितलं की गावोगावचे छोटे तलाव कोणत्या अकलेतून आले ते कळतं.

तलावात पोहता येतं का?

नाही. कितीही चांगले पोहणारे असलात तरी नाही. पाळीच्या आतल्या बाजूला एकदम खोल, काठाला गुडघाभर गाळ, मध्ये शिंगाड्याच्या वेली आणि मासेमार ढिवरांची जाळी. पाय अडकला की पोहण्याची कला कामाला येत नाही. दर पावसाळ्यात पेपरात बातमी असते आणि बुडणारा बहुतेक शहरातला, विशीतला असतो. सलंगावरचं शेवाळ तर बर्फासारखं निसरडं. गावकरी "उतरू नका बाप्पा" म्हणाले तर ऐका. ते त्याच तलावात लहानाचे मोठे झालेत.

गाडीबद्दलही तेच. पाण्याच्या अगदी काठापर्यंत गाडी नेऊ नका. वरून वाळलेली दिसणारी काळी माती आत लोण्यासारखी असते. माझी गाडी एकदा पुढच्या चाकांपर्यंत रुतली. उन्हाळा होता, "काही होत नाही" असं मीच म्हणालो होतो. शेवटी गावातून ट्रॅक्टर आला. त्यांनी पैसे घेतले नाहीत, पण निघताना एक म्हातारा म्हणाला, "साहेब, बैलाले कळते, गाडीले नाई कळत." बायको हे वाक्य अजून वापरते.

खायला काय मिळेल?

ऑक्टोबर ते डिसेंबर रामटेकच्या वाटेवर उकडलेले शिंगाडे. काळी साल, दोन्हीकडे काटे, दातानं टोक तोडून मधे दाबायचं की पांढरा गर बाहेर येतो. गरम असतानाच खायचे, घरी नेऊन मजा राहत नाही. हिवाळ्याच्या शेवटी बोरं, उन्हाळ्यात टेंभरं आणि चारं. भिवापूरकडे गेलात तर तिथली मिरची घ्या, तिला भौगोलिक मानांकन आहे.

जेवणाचं म्हणाल तर झुणका-भाकर, पाटोडीचा रस्सा कुठेही मिळतो. सावजी खायचं तर रस्सा आधी चमचाभर चाखा, मग ताटात घ्या. सगळ्यात उत्तम म्हणजे आम्ही करतो ते: रोडगे आणि वांग्याची भाजी. गोवऱ्यांच्या विस्तवावर, मोकळ्या जागी, गावात विचारून. कणकेचे गोळे राखेत भाजायचे, वरची राख झटकून तुपात बुडवायचे. विस्तव पाणी टाकून विझवा, माती लोटून नाही. मातीखाली निखारे धुमसत राहतात. जंगलाला लागून असाल तर विस्तव लावूच नका, तो गुन्हा आहे.

ताजे मासे विकत घेता येतात का?

येतात. मामा तलावांत मासेमारी ढीवर समाजाच्या सहकारी संस्था करतात. सकाळी जाळी निघतात तेव्हा काठावर गेलात तर रोहू, कटला, कधी मरळ मिळते. मरळ महाग असते, त्यावर घासाघीस करू नका. बर्फाचा डबा घरून न्या. गळ टाकून स्वतः मासे पकडायचे असतील तर आधी संस्थेच्या माणसाला विचारा. पाणी उघड्यावर असलं तरी त्यातले मासे लिलावानं कोणीतरी घेतलेले असतात.

गाडी नाही. बसनं, रेल्वेनं जमेल?

रामटेकला जमेल. इतवारीहून पॅसेंजर जाते, एसटीही बऱ्याच आहेत. रामटेकहून खिंडसी-नगरधनसाठी ऑटो ठरवा, परतीचं भाडं आधी बोला. बाकी ठिकाणी शेवटची बस लवकर जाते आणि मग रात्रीचा प्रश्न येतो. परतीची वेळ कंडक्टरलाच विचारा, फलकावर विश्वास नको.

आईवडील सत्तरीचे आहेत. झेपेल?

गडावर बरंच वरपर्यंत गाडी जाते, नंतर थोड्या पायऱ्या. हातातली पिशवी गाडीतच ठेवा, कारण वानरं नारळ आणि प्रसाद सोडत नाहीत, चष्माही ओढतात. आमच्या आजीनं एकदा काठी उगारली, तर त्यानं काठीच घेतली. अंबाळा आणि अंभोरा वडीलधाऱ्यांसाठी सोपं. मनसर टाळा.

उन्हाळ्यात?

मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या वर. तलाव आटलेले, पाळीवर सावली नाही. पण एक आहे, तळ उघडा पडतो तेव्हा तुडूम आणि दगडी बांधकाम पूर्ण दिसतं. ज्यांना त्याचं वेड आहे त्यांनी पहाटे पाचला निघून नऊला परत यावं.

राहायची सोय?

रामटेक-खिंडसीकडे आणि पेंचच्या दारांशी आहे, साध्यापासून महागड्यापर्यंत. शनिवारी जागा मिळत नाही. कुही-अंभोऱ्याकडे मुक्कामाच्या भरवशावर जाऊ नका.

स्पीकर, ड्रोन?

स्पीकर नको. गावात परीक्षा, मयत, पूजा काहीही असू शकतं, आपल्याला माहीत नसतं. ड्रोनला धरण, जंगल आणि संरक्षित स्मारक या तिन्ही ठिकाणी परवानगी लागते.

आमच्या मामाच्या गावालाही सुरेख तलाव आहे. तो इथे का नाही?

कारण मी गेलो नसेन. कळवा: पाळ चालण्यासारखी आहे का, गाडी कुठं लावायची, आणि तुडूम जुनं आहे की सिमेंटचं बसवलं. नाव टाकायचं की नाही, ते मात्र आधी मामांना विचारून सांगा. गेल्या वर्षी एकांनी कळवलं आणि आठवड्यानं त्यांचाच फोन आला, "काढून टाका, आजी म्हणते धुण्याच्या घाटावर लोक फोटो काढतात."

काढून टाकलं.